माहेर, सासर आणि चौदा सामने

(नागपुरातल्या एका वसंत व्याख्यानमालेतलं भाषण, थोडी काटछाट करून. एप्रिल २०२५.)

नमस्कार मंडळी. बाहेर हे ऊन, आत कूलर एक, आणि तोही अध्यक्षांकडे तोंड करून. तरी तुम्ही आलात. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘महिला फुटबॉलचा व्यावसायिक हंगाम : अर्थ आणि अर्थकारण’. हे नाव माझं नाही, कार्यवाहांचं आहे. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, “भाऊ, मी लीगवर बोलते.” ते म्हणाले, “ताई, नुसतं लीग छापलं तर लोकांना आयपीएल वाटेल, अन् आपल्यापाशी खुर्च्या पन्नासच आहेत.”

तर याच महिन्याच्या ११ तारखेला कोलकात्याच्या ईस्ट बंगालने ओडिशा एफसीला १-० असं हरवलं आणि इंडियन विमेन्स लीग जिंकली. कोणाकोणाला माहीत होतं, हात वर करा. दोन. मागच्या रांगेतल्या त्या दोन पोट्ट्या, स्टॉकिंग्ज घातलेल्या. म्हणजे थेट मैदानावरूनच आल्या दिसतात. बाकीच्यांना दोष देत नाही. मी स्वतः दुसऱ्या दिवशी पेपर शोधला तर क्रिकेटची दोन पानं उलटल्यावर चार ओळी सापडल्या, त्यातल्या दीड ओळीत क्लबचं नाव. गोल केला सौम्या गुगुलोथने. ही तेलंगणातल्या निजामाबादची मुलगी, मधे क्रोएशियात जाऊन दिनामो झाग्रेबकडूनही खेळून आलेली. आपल्याकडे कोणाचा भाचा क्रोएशियाला गेला असता तर चौकात फ्लेक्स लागला असता.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते, मग पसरते. ज्या खेळाडूला स्वतःचं घरचं मैदान नाही तिला हंगाम नाही, आणि हंगाम नाही तिला पगार नाही. बस. यातला पहिला भाग मला जवळचा आहे, दुसऱ्यात आकडे आहेत.

ही लीग २०१७च्या जानेवारीत सुरू झाली. सहा संघ दिल्लीला बोलावले, आंबेडकर स्टेडियमवर खेळवले, आणि १४ फेब्रुवारीला अंतिम सामना उरकला. मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट क्लबला ३-० हरवलं. नाव लीग, पण कारभार सगळा लग्नाच्या वऱ्हाडासारखा. एक कार्यालय, एकच आचारी, चार दिवस गजबज, मग गाद्या गोळा. पुढच्या वर्षी हे वऱ्हाड शिलाँगला, मग लुधियानाला, बंगळुरूला. कोरोनात एक वर्ष कार्यालय बंद. मग भुवनेश्वर, अहमदाबाद. कालिकतच्या गोकुलम केरळ क्लबने लागोपाठ तीनदा जिंकली, ती तिन्ही वेळा केरळाबाहेर. कालिकतच्या माणसाने आपल्या पोरींना आपल्या गावात जिंकताना पाहिलंच नाही.

पुरुषांच्या लीगमध्ये कसं असतं? एकदा आपल्याकडे, एकदा त्यांच्याकडे. आता माहेर-सासर हा प्रकार या देशातल्या बायकांना कोणी शिकवायला हवा होता का? पण फुटबॉलवाल्यांना त्यांच्या पोरींसाठी तो सुचायला सात वर्षं लागली! २०२३-२४च्या हंगामात पहिल्यांदा होम-अवे झालं. सात संघ, प्रत्येकीला बारा सामने. या वर्षी आठ संघ, चौदा सामने, जानेवारी ते एप्रिल.

आता तुम्ही म्हणाल, मैदान ते मैदान, त्यात माझं-तुझं काय? म्हणून किल्लीची गोष्ट सांगते. ज्यांनी आधी ऐकली आहे त्यांनी हसण्याच्या जागी इतरांआधी हसू नये.

मी कॉलेजात असताना, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आम्हा मुलींच्या टीमला एक मैदान मिळालं होतं. कोणाचं ते सांगत नाही, त्यांच्याकडे अजून माझी पेन्शनची एक फाईल अडकली आहे. वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा. फाटकाला कुलूप, आणि किल्ली म्हणे चौकीदाराकडे. चौकीदार साडेसहाला यायचा. “काय बाई, पहाटेपासून कायले तंगडतोड करून राहिल्या? किल्ली तर साहेबापाशी हाय.” साहेब साडेदहाला यायचे. आम्ही महिनाभर फाटकावरून चढलो, सलवारी फाडून घेतल्या. आमच्या गोलकीपरची आई म्हणाली, “एवढी शिलाई खेळून कुठं वसूल होते माय?” शेवटी एकीने चौकीदाराला चहाला नेलं, दुसरीने साहेबांकडची किल्ली लाइफबॉयच्या वडीत दाबली, आणि बर्डीच्या बाजारात एकाने तीन रुपये सांगून दुसरी किल्ली करून दिली. त्याने विचारलं, “तिजोरीची आहे का?” आम्ही म्हटलं, “मैदानाची.” तो म्हणाला, “मग दोनच द्या.”

सोळा दिवस आम्ही राण्या होतो. सतराव्या दिवशी साहेब, का कोण जाणे, सकाळी फिरायला निघाले. चौकशी बसली. ‘संस्थेच्या मालमत्तेची अनधिकृत प्रत’ असे शब्द होते, मला तोंडपाठ आहेत. आमचा सराव तीन आठवडे बंद. त्याच तीन आठवड्यांत मुलांची टीम रोज खेळत होती, कारण मागची भिंत पडलेली होती आणि ते तिथूनच यायचे. चौकशी समितीला भिंत दिसली नाही. भिंतीची किल्ली नव्हती ना!

त्या काळी देशाची परिस्थिती काय होती बघा. बायकांच्या आशियाई स्पर्धेत भारत दोनदा उपविजेता, एकदा कालिकतला आणि एकदा १९८३ साली थायलंडमध्ये. त्याच वर्षी फुटबॉलपटू शांती मल्लिकना अर्जुन पुरस्कार. आशियात दुसरा नंबर, आणि देशात लीग नाही. राष्ट्रीय स्पर्धा व्हायची, ती संपली की पोरगी पुढच्या वर्षापर्यंत घरी. माझं म्हणाल तर चार वर्षांत अधिकृत सामने सतरा. वहीत तारखा आहेत. आज लीगमधली मुलगी एका हंगामात चौदा खेळते. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

इंग्रजांचं कौतुक असलेले कोणी बसले असतील तर त्यांच्यासाठी एक. १९२०च्या नाताळात लिव्हरपूलला गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली. पुढच्याच डिसेंबरात तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला, हा खेळ बायकांना सर्वथा अयोग्य, क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. जवळजवळ पन्नास वर्षं ती बंदी टिकली. नीट ऐका, खेळायला बंदी नव्हती हो, मैदानाला होती. आमच्याच साहेबांचे आजोबा!

अरे, चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे’. खाली चहाच्या किटलीचं चित्र काढलंय का हे? बरं. अर्थकारण.

पटापट सांगते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नियम केला की क्लबाने निदान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करायचा. बाराने भागा, साडेसव्वीस हजारांच्या आसपास महिना. यावर हसू नका, आमच्या वेळी दोन केळी आणि एक अंडं होतं. पण हंगाम चार महिन्यांचा. करार हंगामापुरता झाला तर उरलेले आठ महिने पोरगी काय करते? पोलिसात किंवा रेल्वेत लागली असेल तर ठीक, नाहीतर शेतावर. म्हणून मला सामने वाढायला हवेत. आठाचे बारा संघ करा, सामने बावीस होतात, हंगाम आपोआप लांबतो. हे गणित पाचवीतलं आहे.

दुसरं, या हंगामात जे मला फार आवडलं ते. गेल्या वर्षीची विजेती ओडिशा एफसी या वर्षी खालच्या विभागात घसरली. दुष्टपणा वाटेल, पण लीग खरी असल्याचं हेच लक्षण. वऱ्हाडातून कोणी घसरत नाही. गोकुलमच्या युगांडाच्या फाझिला इकवापुटने २४ गोल केले, तरी तिचा क्लब जिंकला नाही. आणि गोकुलमला पूर्वी दोनदा जिंकवणारे प्रशिक्षक अँथनी अँड्र्यूज आता ईस्ट बंगालला जिंकवून गेले. या तीन गोष्टींवर मी तासभर बोलले असते, पण किल्लीने वेळ खाल्ला.

तिसरं. आठ संघ कुठले? दोन कोलकात्याचे, दोन ओडिशाचे, मग दिल्ली, बंगळुरू, तमिळनाडू, केरळ. मणिपूरच्या पोरी जवळजवळ प्रत्येक संघात, पण मणिपूरचा संघ नाही. आणि महाराष्ट्राचा? शून्य. आपलं मोहननगर, शेजारची कामठी, यांना फुटबॉल काय असतो ते मी सांगायला नको. आपल्या नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरापोरींना खेळवून दाखवलं त्यालाही वीसेक वर्षं झाली. झिरो माईल आपल्याकडे, कोलकाता-केरळ-दिल्ली सगळ्यांना मधे पडणारं गाव आपलं, संघ आपल्या डोक्यावरून विमानाने जातात आणि आपण खाली संत्रा बर्फी खातो. धंतोलीला यशवंत स्टेडियम आहे. तिथे किल्ली कोणाकडे असते ते मी अजून विचारलेलं नाही.

दुसरी चिठ्ठी. यावर नुसतं ‘ताई’ लिहिलंय.

थांबते. ती दोन रुपयांची किल्ली अजून माझ्या पर्समध्ये आहे, कुलूप कधीच बदललं. प्रश्न असतील तर आधी मागच्या त्या दोघींना विचारू द्या, त्यांना सकाळी साडेपाचला उठायचं असेल. काय? पावणेपाच? बाप्पा! फाटक उघडं असतं का गं?