हलतंय, पण कुठे?

सुरुवात माझ्याच एका रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाच्या शेवटाने करतो. ओळखीचं, गुणी विमान होतं. मैदानावर गेलो, बॅटरी जोडली, ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रेडिओची, स्टिक डावीउजवी केली, एलेरॉन (विमान डावीउजवीकडे कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) हलले. मागेपुढे केली, एलिव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) हलला. झालं, सोडलं हवेत. चाकं उचलली, डावा पंख जरासा झुकला, म्हणून स्टिक उजवीकडे दाबली. पंख आणखी झुकला. अशा वेळी हात काय करतो? आणखी जोरात दाबतो! दोन सेकंदांत खेळ खलास.

आदल्या रात्री मी पंखातला जळलेला सर्व्हो (पट्टी हलवणारी छोटी मोटर) बदलला होता. नवा निघाला उलट्या दिशेने फिरणारा. म्हणजे उड्डाणाआधीची तपासणी मी केली होती, नाही असं नाही; पण एलेरॉन हलतात का एवढंच पाहिलं. कुठे हलतात ते पाहिलंच नाही. ट्रान्समीटरच्या सेटिंगमधल्या बहुतेक चुका याच फटीतून निसटतात, कारण हलणारी वस्तू दिसली की डोळ्याचं समाधान होतं.

म्हणून तपासणी नेहमी विमानाच्या मागे उभं राहून, नाक आपल्यापासून दूर ठेवून करायची. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. लक्षात राहत नसेल तर स्टिकवर अंगठा उभा धरा. अंगठा ज्या बाजूला झुकेल, त्या बाजूचा एलेरॉन वर उठायला हवा. स्टिक पोटाकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर (शेपटीची उभी पट्टी) तर स्टिक जाईल तिकडे. आणि हे तोंडाने म्हणा. 'उजवा वर' असं मोठ्याने म्हणताना समोर उजवा खाली गेलेला असेल, तर जीभ अडखळते. विमानात जायरो (विमान आपोआप सरळ ठेवणारा सेन्सर) असेल तर त्याची दिशा वेगळी तपासावी लागते, कारण स्टिक बरोबर असूनही जायरो उलटा असू शकतो. विमान हातात धरून उजवीकडे कलवा; उजवा एलेरॉन खाली जायला हवा, म्हणजे तो पडणारा पंख उचलतोय.

दिशा चुकली की लगेच रिव्हर्सच्या (सर्व्होची दिशा उलटवणाऱ्या) मेनूकडे धावू नका. आधी रेडिओच्या पडद्यावर कुठल्या मॉडेलचं (सेटिंग साठवलेल्या विमानाचं) नाव आहे ते बघा. काही रेडिओ चुकीच्या मॉडेलवर रिसीव्हरशी (विमानातल्या, सिग्नल घेणाऱ्या डबीशी) बोलतच नाहीत, पण साधे रेडिओ खुशाल बोलतात. तुम्ही मात्र दुसऱ्याच विमानाची सेटिंग दुरुस्त करत बसता, आणि पुढच्या रविवारी ते दुसरं विमान पडतं. नंतर चॅनलचा, म्हणजे रिसीव्हरमध्ये कुठली वायर कुठे खोचायची त्याचा, क्रम. फ्युताबा कंपनीच्या पद्धतीत पहिल्या चॅनलवर एलेरॉन असतो, स्पेक्ट्रम कंपनीच्या पद्धतीत थ्रॉटल (मोटरचा वेग). एकाची सवय घेऊन दुसऱ्याच्या रिसीव्हरमध्ये वायरी खोचल्या, तर एलेरॉनची स्टिक हलवल्यावर मोटर फिरू शकते. टेबलावर पंखा (प्रॉपेलर) काढूनच काम करा, हे मी नम्रपणे नाही, ओरडून सांगतोय.

एक्स्पोची, म्हणजे मध्यापाशी स्टिक किती मऊ वागेल ते ठरवणाऱ्या सेटिंगची, गंमतही याच जातीची. स्टिकचा मध्य मऊ करायला स्पेक्ट्रमवर अधिक आकडा घालतात, फ्युताबावर उणे. रेडिओ बदलून जुना आकडा तसाच उतरवला, तर मऊ व्हायच्या जागी विमान मध्यापाशीच उड्या मारायला लागतं.

सब-ट्रिमचा, म्हणजे सर्व्होचा मध्य रेडिओतून सरकवण्याचा, मोह मात्र सगळ्यांना होतो. रिसीव्हर साधारण दर २० मिलिसेकंदांनी सर्व्होला एक स्पंद पाठवतो, तो १.५ मिलिसेकंदांचा असला की सर्व्हो मध्यावर, १ आणि २ ही ढोबळमानाने दोन टोकं. स्पंद मध्यावर असताना सर्व्होचा आर्म (फिरणारी दांडी) पुशरॉडशी (पट्टीला जोडणाऱ्या सळीशी) काटकोनात हवा. तो तिरका बसला की आपण सब-ट्रिमने सरळ करतो, पण मध्यच सरकल्यामुळे एका बाजूची हालचाल जास्त आणि दुसऱ्या बाजूची कमी होते. मग एंड पॉइंटने (हालचालीची टोकं ठरवणाऱ्या सेटिंगने) ती सारखी करायची, मग ट्रिम... एका चुकीवर दुसरीचं ठिगळ. त्यापेक्षा स्क्रू काढा, आर्म एक दात पुढेमागे बसवून बघा, उरलासुरला फरक क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचा आटेदार चिमटा) फिरवून घालवा. सब-ट्रिम शेवटच्या चिमूटभर फरकापुरता.

मोटर सुरूच होत नाही, नुसतं टीं-टीं वाजतं, ही तक्रार आठवड्याला एकदा येते. बहुधा थ्रॉटलचा ट्रिम (स्टिकचा सिग्नल जरासा सरकवणारी कळ) वर राहिलेला असतो किंवा थ्रॉटल चॅनल उलटा असतो. ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) स्टिक शून्यावर दिसत नाही, म्हणून तो मोटर सोडत नाही. तो शहाणा आहे. चॅनल उलटा केला की मोटर चालते आणि माणूस खूश होऊन घरी जातो. इथे एक सापळा आहे. काही रिसीव्हर बाइंड करतानाची (रेडिओशी जोडी जुळवतानाची) थ्रॉटलची जागा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर वापरायची जागा) म्हणून साठवतात. बाइंड आधी, रिव्हर्स नंतर, असं झालं तर साठवलेलं 'शून्य' आता 'फुल' ठरतं. सिग्नल तुटला की मोटर पूर्ण वेगाने! तेव्हा थ्रॉटल उलटा केला की पुन्हा बाइंड करा, आणि पंखा काढून, मोटर चालू असताना रेडिओ बंद करून बघा.

आता हे टेबलावरचं डेल्टा, म्हणजे आडवी शेपटी नसलेलं त्रिकोणी विमान. पंखा काढलेला आहे. मी स्टिक मागे ओढतो. दोन्ही एलेव्हॉन (एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्हींचं काम करणाऱ्या पट्ट्या) वर यायला हवेत. इथे एक वर, एक खाली. म्हणजे एलिव्हेटरच्या स्टिकवर एलेरॉनची चाल. एक सर्व्हो रिव्हर्स केला. आता ओढल्यावर दोन्ही वर, छान. स्टिक उजवीकडे नेतो, तर डावा वर! पुन्हा रिव्हर्स करावंसं वाटतं ना? एक उलटा कराल तर पहिला घोटाळा परत येईल, दोन्ही उलटे कराल तर एलेरॉन सुधारेल पण एलिव्हेटर बिघडेल. इथे नुसत्या रिव्हर्सने भागत नाही. रिसीव्हरमधल्या या दोन वायरी उपसतो, अदलाबदल करून खोचतो. स्टिक उजवीकडे. बोला, कुठला वर?