फळ्यावरचे साठ लाख

रविवारची सकाळ. मार्केट यार्डात शुकशुकाट. पण सांगलीतल्या या हॉलबाहेर गाडी लावायला जागा नाही. आत मॅनेजमेंटच्या वर्गाला पस्तीसेक जण बसलेत. कुणाची कुपवाडला फाउंड्री, कुणाचं तासगावकडं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, कुणी साखर कारखान्यात मॅनेजर. विद्यार्थी बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे.

सर पहाटेच पुण्याहून निघालेत. त्यांनी जन्मात हळदीचं एक पोतं विकलेलं नाही, आणि हे वर्गाला पक्कं ठाऊक आहे.

‘शेठ, महिन्याची विक्री किती?’ सर एका व्यापाऱ्याला विचारतात.

‘२० लाख धरा.’

‘उधारी?’

‘तीन महिने. पार्टी जुनी आहे, सर. पैसे कुठं जात नाहीत.’

सर फळ्यावर लिहितात, ६० लाख. त्याखाली १२ टक्के. त्याखाली ७ लाख २० हजार. खडू ठेवतात आणि गप्प उभे राहतात.

मागून फाउंड्रीवाले बोलतात, ‘म्हणजे वर्षाला एवढं व्याज आपण पार्टीसाठी भरतोय की!’

हे वाक्य वर्गातूनच यायला हवं होतं. सर त्यासाठीच थांबले होते.

प्रत्यक्ष धंद्यातला पेच वर्गापुढं टाकायचा आणि तो वर्गाकडूनच सोडवून घ्यायचा, ही केस पद्धत हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये १९२० च्या दशकात रुजली. १९६१ साली हार्वर्डच्या मदतीनं अहमदाबादचं आयआयएम उभं राहिलं, तिथंही ती आली. यात प्राध्यापकाची खरी मेहनत आधीच होते. कारखान्यात जाऊन बसायचं, केस लिहायची, आधी कुणाला बोलतं करायचं ते ठरवायचं. नुसत्या स्लाइड वाचून दाखवणारे सरही या हॉलनं पाहिलेत. चहानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या!

आणि मास्तरला धंद्यातलं काय कळतं, असं निदान सांगली जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली ती नंतर, १९१० साली.

शेठ अजून फळ्याकडंच बघतायत. ‘पण सर, उधारी तोडली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाईल. मग?’

सर उत्तर देत नाहीत. बेदाणेवाल्यांकडं वळतात. ‘तुम्ही काय कराल?’

दीड वाजून गेलाय. खाली आचाऱ्यानं भाताचं पातेलं परत झाकून ठेवलंय.