आधी घरघर, मग हादरा

नमस्कार श्रोतेहो.

कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक सोडून हातात धरा आणि झटका द्या. एक फुगवटा पार खुंटीपर्यंत पळत जातो. दोरीवर चिमटा राहिला असेल तर त्याच्याकडे बघा. तो जागच्या जागी वर गेला, खाली आला, बस्स. पुढे गेला तो झटका, दोरी नव्हे. हा अवतरंग. लाट जाते एका दिशेला आणि कण हलतात तिला आडवे.

दुसरा प्रकार रेशनच्या रांगेतला. मागून कुणी रेटलं की तो रेटा पाठीपाठीनं खिडकीशी पोचतो, रेटणारा मात्र मागेच असतो. हा अनुतरंग. आवाज असाच जातो. माझं बोलणं तुमच्या रेडिओपर्यंत आलं ते विद्युतचुंबकीय लहरींवर, त्यांना हवाबिवा काही लागत नाही. पण स्पीकरपासून कानापर्यंतचं चार हात अंतर हवेतल्या रेट्यानंच कापलं जातं, सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगानं. पोलादात तोच रेटा 5000 मीटरच्या वर पळतो.

या दोन्ही लाटा एकाच वेळी निघतात तो प्रसंग म्हणजे भूकंप. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेला झाला तसा. खडक फुटला की अनुतरंग, म्हणजे पी लहरी, सेकंदाला साधारण 6 किलोमीटरनं सुटतात. आडव्या हलणाऱ्या एस लहरींचा वेग साडेतीनच्या आसपास. म्हणून आधी घरघर किंवा हलकासा धक्का, आणि मग भांडी पाडणारा हादरा. एस लहरी द्रवातून जातच नाहीत, कारण पाण्याला आडवं ढकललं तर ते निमूट सरकतं, परत ओढत नाही. तिसऱ्या, जमिनीच्या पृष्ठालगत जाणाऱ्या लहरी सगळ्यांत सावकाश येतात, पण दूरवर पुष्कळदा त्यांचंच हलणं मोठं असतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ओल्डहॅम यांनी 1897च्या आसाम भूकंपाच्या नोंदींत या तीन लहरी वेगवेगळ्या ओळखल्या.

एक सोपा हिशेब सांगतो. पी आणि एस यांच्यात जितके सेकंद जातात त्यांना आठानं गुणा, भूकंपाचं ठिकाण साधारण तितके किलोमीटर दूर. कोयनेचा धक्का असेल तर पुण्यात हे अंतर पंधरा सेकंदांचं, मुंबईत पंचवीसचं. खुद्द कोयनानगरात जेमतेम एक-दोन सेकंद.