मलमलीचे दोन पोशाख

सोनेरी बुट्ट्यांचा पांढऱ्या मलमलीचा पायघोळ जामा, तलवारीच्या मुठीवर हात आणि करारी चेहरा. माणसाहून उंच अशा या तैलचित्रात टिपू सुलतानाचे वकील, म्हणजे राजदूत, मुहम्मद दरवेश खान उभे आहेत. इंग्रजांविरुद्ध फ्रान्सची मदत मागण्यासाठी ते १७८८ मध्ये दोन सहकाऱ्यांसह पॅरिसला आले होते आणि त्यांचे हे चित्र काढले फ्रेंच चित्रकर्ती एलिझाबेथ विजे ल ब्रं यांनी. फ्रान्सच्या राजाने सांगितल्याशिवाय चित्रासाठी बसणार नाही, असे वकिलांनी कळवल्यावर एलिझाबेथ यांनी राजा सोळाव्या लुईची संमती मिळवली. चित्र पूर्ण झाले, तेव्हा मात्र खानसाहेबांनी ते पलंगामागे दडवले आणि त्यात आत्मा घालायचा राहिला आहे, असे सांगून ते द्यायचे नाकारले. अखेर स्वतःचेच चित्र गुपचूप पळवून आणावे लागल्याची हकिकत एलिझाबेथ यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

त्यांचा जन्म १७५५ चा, पॅरिसमधला. वडील लुई विजे पेस्टल रंगांत व्यक्तिचित्रे काढत. एलिझाबेथ १२ वर्षांच्या असताना ते वारले आणि पुढे किशोरवयातच त्यांचा कुंचला घराला आधार देऊ लागला.

लुईची राणी मारी आंत्वानेत हिची चित्रे त्यांनी १७७८ पासून काढली. त्यांतले एक १७८३ च्या सलाँ प्रदर्शनात लागले. राणीच्या अंगावर साधा पांढरा मलमलीचा झगा होता. राणीला आतल्या कपड्यांत दाखवले, असा गहजब झाला आणि चित्र उतरवून तिथे रेशमी पोशाखातले दुसरे टांगावे लागले. जी मलमल वकिलाच्या अंगावर राजबिंडी दिसली, तीच राणीच्या अंगावर लोकांना सोसवली नाही. मला स्वतःला त्या नाकारलेल्या चित्रातली राणी अधिक जिवंत वाटते.

१७८७ च्या चित्रात तीच राणी मुलांसह बसली आहे. थोरला राजपुत्र एका रिकाम्या पाळण्याकडे बोट दाखवतो. त्यात असायची ती वर्षाचीही न झालेली बहीण त्याच उन्हाळ्यात दगावली होती.

दरवेश खानांचे चित्र १७८९ च्या सलाँमध्ये झळकले, तेव्हा पॅरिसचा बास्तीय (बॅस्टिल) तुरुंग जमावाच्या हाती पडून राज्यक्रांती सुरू झाली होती. जमावाने राजाराणीला व्हर्सायच्या राजवाड्यातून पॅरिसला आणले, त्या ६ ऑक्टोबरच्या रात्री एलिझाबेथ लेक ज्युली हिला घेऊन साध्या वेशात प्रवासी घोडागाडीने इटलीकडे निघाल्या. पुढची १२ वर्षे इटली, व्हिएन्ना आणि रशिया येथे व्यक्तिचित्रे काढून त्यांनी चरितार्थ चालवला. १८०२ मध्ये त्या पॅरिसला परतल्या. १८४२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लुव्हसिएन गावातल्या त्यांच्या थडग्यावर रंगांची पाटी आणि कुंचले कोरलेले आहेत.