२०० च्या खाली कार्ड का चालत नाही? पैशा-पैशाचा हिशोब

नमस्कार मंडळी.

आजचा विषय आहे काउंटरवर चिकटवलेली एक पाटी. 'कार्ड २०० रुपयांच्या वर.' कुठे शंभर लिहिलेलं असतं, कुठे पाचशे. मेडिकलमध्ये, बेकरीत, स्टेशनरीच्या दुकानात ती हमखास दिसते. मग आपण एक तर खिशात सुटे शोधतो, नाही तर नको असलेला बिस्किटाचा पुडा उचलून बिल दोनशेवर नेतो. दुकानदाराची अडचण खरी आहे, हे मला मान्य आहे. पण ही पाटी भलत्याच ठिकाणी बोट ठेवते. कसं, ते दाखवतो.

तुम्ही कार्ड स्वाइप केलंत की बिलाची सगळी रक्कम दुकानदाराला मिळत नाही. त्यातून थोडे पैसे कापले जातात. ही कपात म्हणजे एमडीआर, मर्चंट डिस्काउंट रेट. ती तिघांत वाटली जाते. एक, ज्या बँकेचं मशीन आहे ती बँक. दुसरी, ज्या बँकेनं तुम्हाला कार्ड दिलंय ती. आणि तिसरं, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचं नेटवर्क. मोठा वाटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो.

आता डेबिट कार्ड घ्या. १ जानेवारी २०१८ पासून रिझर्व्ह बँकेनं डेबिट कार्डाच्या एमडीआरला मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के. वर्षाला वीस लाख म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच हजारांची विक्री.

[स्क्रीनवर: बिल ५० रु. / छोटं दुकान, डेबिट: जास्तीत जास्त २० पैसे / मोठं दुकान, डेबिट: जास्तीत जास्त ४५ पैसे / रुपे डेबिट: शून्य]

पन्नास रुपयांच्या बिलावर वीस पैसे. आणि कार्ड रुपे डेबिट असेल तर तेवढेही नाहीत, कारण जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआय या दोन्हींवरचा एमडीआर शून्य केलेला आहे. म्हणजे त्या पाटीपुढे तुम्ही रुपे डेबिट धरलंत आणि दुकानदार 'नाही' म्हणाला, तर तो एमडीआरचा एक पैसाही वाचवत नसतो.

मग दुखतं कुठे? क्रेडिट कार्डात. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेची अशी मर्यादा नाही. दोन टक्क्यांच्या आसपास दर सर्रास असतो, काही कार्डांना त्याहून जास्त. दोन टक्के धरले तर पन्नास रुपयांवर एक रुपया जातो आणि पाच हजारांवर शंभर. इथे जरा थांबा. टक्का तोच आहे. बिल लहान म्हणून दुकानदाराचं प्रमाण बिघडत नाही, आणि बिल मोठं म्हणून सुधारतही नाही.

दुकानदाराचं कंबरडं मोडतं ते मार्जिनमुळे. समजा, दुधाच्या पिशवीवर त्याला शंभराला चार रुपये सुटतात. त्यातले दोन क्रेडिट कार्डानं नेले तर अर्धी कमाई गेली. हेच दोन टक्के कपड्यांवर किंवा चष्म्याच्या फ्रेमवर फारसे जाणवत नाहीत, कारण तिथे मार्जिन दांडगं असतं. म्हणजे खरा प्रश्न दोन गोष्टींचा आहे: कार्ड कोणतं आणि माल कोणता. पाटीवर लिहिलेली असते तिसरीच गोष्ट, रक्कम.

'पण मशीनचं भाडं?' असं दुकानदार विचारतात. रास्त प्रश्न आहे. बऱ्याच मशीनना महिन्याचं भाडं असतं, आणि ते दहा वेळा स्वाइप झालं तरी तेवढंच, पाचशे वेळा झालं तरी तेवढंच. लहान बिलं परत पाठवल्यानं भाडं कमी होत नाही. उलट तेच भाडं कमी बिलांवर पडतं.

अमेरिकेत राहणारे आपले बरेच प्रेक्षक सांगतात की तिकडच्या देशी ग्रोसरीतही 'टेन डॉलर मिनिमम' लिहिलेलं असतं. तिथे या पाटीला कायद्याचा आधार आहे. आधी कार्ड कंपन्यांचे नियम अशी किमान रक्कम ठेवू देत नव्हते. २०१० साली आलेल्या डॉड-फ्रँक कायद्यानं दुकानांना क्रेडिट कार्डासाठी दहा डॉलरपर्यंत किमान रक्कम ठेवायची मुभा दिली. डेबिटसाठी ती मुभा नाही. आणि एका बँकेच्या कार्डाला एक रक्कम, दुसऱ्या बँकेच्या कार्डाला दुसरी, असंही करता येत नाही. तिथे या पाटीमागे गणितही आहे: टक्क्यांबरोबर दर व्यवहाराला काही सेंट ठरलेले असतात. दोन डॉलरच्या कॉफीवर ते सेंट टोचतात, शंभर डॉलरच्या सामानावर कळतही नाहीत.

आपल्याकडे कपात मुख्यतः टक्क्यांत होते. त्यामुळे तिथलं गणित इथे जसंच्या तसं बसत नाही. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत किमान रकमेची अट घालायला मनाईच आहे, आणि दुकानदार बँकेशी करार करतो तेव्हा हे नियम त्याला लागू होतात.

आता सगळ्यात उलटी गोष्ट. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर स्कॅन करण्याची सोय २०२२ मध्ये आली. त्यात छोट्या दुकानदारांना २००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर एमडीआर शून्य ठेवला गेला. म्हणजे नियमानं माफी दिली ती लहान रकमेला, आणि आपल्या काउंटरवर नकार मिळतो तोही लहान रकमेलाच! ही माहिती दुकानदारांपर्यंत कोणी नीट पोहोचवलेली नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. मशीन विकायला माणूस दारात येतो, दर समजावून सांगायला कोणी येत नाही.

आणखीही कारणं आहेत, आणि ती लपवून उपयोग नाही. कार्डाचे पैसे बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी खात्यात येतात, पण पहाटे दूध टाकणाऱ्याला रोख द्यावी लागते. गल्ल्यात नोटा नसतील तर धंदा अडतो. शिवाय कराची भीती असते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या कर खात्यानं यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा बेंगळुरूत कितीतरी दुकानांवर 'फक्त रोख' असे कागद लागले. त्या भीतीचा एमडीआरशी संबंध नाही, पण पाटी मात्र तशीच दिसते.

आता 'कार्डवर २ टक्के जादा' ही दुसरी पाटी. इथे मी ठाम बोलणार आहे. डेबिट कार्डावर असे जादा पैसे घेता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं की असं शुल्क घेणाऱ्या दुकानाशी संबंध तोडण्यापर्यंत जाता येईल. डिसेंबर २०१७ च्या आदेशातही सांगितलं की डेबिटचा एमडीआर ग्राहकाच्या माथी मारला जाऊ नये, हे बँकांनी पाहावं. आणि पाकिटावर एमआरपी छापलेला असेल तर कार्डाच्या नावाखाली त्यावर एक रुपयाही चढवता येत नाही, मग कार्ड कोणतंही असो.

तुमच्याकडे कोणी असे पैसे मागितले तर आवाज चढवू नका. बिलावर ते दोन टक्के वेगळे लिहून मागा. बऱ्याचदा विषय तिथेच मिटतो, कारण हे लिहून द्यायला कोणी तयार नसतं. नाहीच मिटला तर मशीनवर किंवा स्लिपवर ज्या बँकेचं नाव आहे, तिच्याकडे बिलासह तक्रार करा. एमआरपीचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५.

आता थोडं आपल्याकडेही बघू. क्रेडिट कार्डावर आपल्याला जे पॉइंट मिळतात, त्यांचा खर्च बऱ्याच अंशी याच कपातीतून निघतो. म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या मार्जिनमधून. शेजारी रोख देऊन तोच माल घेणाऱ्या आजींना त्यातलं काही मिळत नाही, पण त्या दुकानाचा खर्च त्यांच्याही बिलात असतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दूध, ब्रेड, अंडी घेताना डेबिट द्या, यूपीआय करा किंवा रोख द्या. क्रेडिट कार्ड मॉलमध्ये आणि हॉटेलात खुशाल वापरा.

आणि हा व्हिडिओ बघणाऱ्या दुकानदार मंडळींनो, एक काम याच आठवड्यात करा. बँकेकडून गेल्या महिन्याचं स्टेटमेंट मागवा आणि डेबिटची कपात वेगळी, क्रेडिटची वेगळी लावून बघा. रुपे डेबिटवर काही कापलेलं दिसलं तर लेखी विचारा. डेबिटला ०.९० च्या वर दर लागला असेल, तर तेही विचारा. आणि ती २०० ची पाटी काढून तिथे असं लिहा: 'लहान बिलाला डेबिट किंवा यूपीआय दिलंत तर बरं होईल.'