गोधडीतला बर्फ

यवतमाळ जिल्ह्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. टेबलावर बर्फाचे दोन सारखे तुकडे. एक थाळीत उघडा, दुसरा गोधडीत गुंडाळलेला. आधी कोणता वितळेल?

"गोधडीतला आंधी वितयन मॅडम, थे गरम असते!" अख्खा वर्ग याच बाजूचा.

मॅडम 'चूक' म्हणत नाहीत. बाजारातला गोळेवाला बर्फ कशात ठेवतो, एवढंच विचारतात. गोणपाटात. भुशात. पोरांनी हे दर आठवडी बाजारात पाहिलेलं आहे. आता चेहरे बघा.

गोधडी उघडली. थाळीत पाणी झालंय, इथला तुकडा बराचसा शाबूत. कापडाच्या थरांत हवा अडकून बसते आणि तिच्यातून उष्णता सहज जात नाही. थंडीत अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, इथे बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. 'उष्णतारोधक' हा शब्द फळ्यावर आला तो यानंतर.

आमचा आग्रह आहे तो याच क्रमाचा. पोरांना आधी काय ठाऊक आहे ते विचारा, मग पुस्तक उघडा. ठाऊक असलेलं चुकीचं असलं तरी ते बोलून बाहेर यावं लागतं. नाहीतर धडा पाठ होतो आणि मनातली गोधडी गरमच राहते. डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1968 साली हेच मांडलं: शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम करतं ते शिकणाऱ्याला आधीच माहीत असलेलं. विदर्भाला हा विचार परका नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हातानं काम करता करता शिकण्याच्या पद्धतीची, दिशा तिथे ठरली. टकळीवर सूत कातता कातता मोजमाप आणि हिशेब शिकायचा.

इथे टकळी नाही, वावर आहे. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. ही सातवीतली पोरगी दोरी धरून उभी आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तीन बाय तीन फुटांवर लावली, तर एका झाडाला नऊ चौरस फूट जागा. एकरात झाडं किती? 4,840. उत्तर तिनं बांधावर बसून काढलं. क्षेत्रफळाचा धडा दुसऱ्या दिवशी.

घटक चाचणीत ही गणितं बऱ्याच जणांना जमली. पुढचा धडा टक्केवारीचा आहे. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सुरुवात तिथूनच होणार आहे.