झाड नंबर किती?

हे फळ बघा. फांदीच्या शेंड्याला नाही, थेट खोडातून आलंय, फणसासारखं. आपण ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनला ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास अडकतो, पण ज्याच्या बियांपासून चॉकलेट बनतं ते कोकोचं झाड डोळ्यांनी बघितलेले मुंबईकर किती सापडतील?

केरळात, कर्नाटकात नारळ-सुपारीच्या सावलीत ही झाडं लावतात. केरळातल्या वेल्लानिक्करा आणि कर्नाटकातल्या विट्टलच्या संशोधन केंद्रांत यांच्या नव्या जाती तयार होतात. गंमत अशी की बियांपासून लावलं तर एकाच आईबापाची पोरं सारखी निघत नाहीत, एक झाड लगडलेलं आणि शेजारचं नुसती पानं मिरवतंय. म्हणून संकराच्या प्लॉटमध्ये प्रत्येक झाडाला नंबर आणि वहीत फळांचा हिशोबही झाडागणिक वेगळा.

आता हा कोयता बघा. जाड साल फोडली की पांढरा चिकट गर, त्यात साधारण ३०-४० बिया, त्या मोजायच्या, आंबवायच्या, वाळवायच्या आणि मग काट्यावर. सुकी बी एक ग्रॅमच्या वर भरली पाहिजे, आणि किलोभर सुक्या बियांसाठी जितकी कमी फळं फोडावी लागतील तितकं झाड भारी. असं का, ते गिरगावातल्या या छोट्या चॉकलेट किचनमध्ये कळतं. बारीक बीला टरफलच जास्त, आणि लहान-मोठ्या एकत्र भाजल्या की बारीक आधी करपतात.

पण लगेच खूश व्हायचं नाही हं. कडेच्या झाडाला ऊन जास्त, कुणाचा शेजारी मेलेला म्हणून त्याला जागा नि खत फुकटात, असं झाड भरभरून देतं ते गुणाने नाही, जागेच्या जोरावर. म्हणून तुलना आजूबाजूच्या झाडांशी, तीही वर्षानुवर्षं. पावसाळ्यात फायटोप्थोरा बुरशीने किती फळं काळी पडली तेही याच वहीत. लॅबचे शॉट कितीही चकाचक दिसोत, आम्हाला विचाराल तर खरी निवड ही मळकी वही करते.

मग निवडलेल्या झाडाचा डोळा काढून असा रोपावर भरतात, कलमं वेगवेगळ्या ठिकाणी लावतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून, कारण मूळ झाडाचा रुबाब तिकडे टिकेलच असं नाही. त्यात कोकोची बरीच झाडं स्वतःच्या परागाने फळच धरत नाहीत, एकच कलम बागभर लावलं तर नुसता फुलोरा बघत बसायचं, म्हणून चार वेगळी कलमं मिसळून लावायची.

हे सगळं होऊन कलम शेतकऱ्याच्या हातात पडायला कितीतरी वर्षं जातात, आणि देशाला लागणारा बराचसा कोको अजून बाहेरूनच येतो.